हवा कुठून येणार? एका ड्रेनेज-व्हेंट ड्रॉइंग सेवेचा अनुभव

पहिल्याच फोनवर त्या मुलाने मला विचारलं, "मॅडम, बेसिनचं पाणी खाली जाताना त्याच्या मागून हवा कुठून येणार?" मी म्हटलं, "खिडकीतून." तो हसला नाही. माझ्याकडून या सेवेला पहिला गुण तिथेच मिळाला.

सेवा काय आहे ते आधी सांगते. नव्या बाथरूमची मापं, फोटो आणि बाहेरचा चेंबर, म्हणजे सांडपाणी जिथे जमून पुढे जातं तो हौद, किती खोल आहे ते आपण पाठवायचं. ते सांडपाण्याच्या आणि हवेच्या पाइपांचं ड्रॉइंग, फिटिंगची यादी आणि तपासणीचा एक कागद पाठवतात. नळाच्या लायनीला हात लावत नाहीत, टाइल्सचे रंग सुचवत नाहीत, जागेवर माणूस पाठवत नाहीत. ड्रॉइंगमध्ये दोनदा बदल फीमध्येच धरलेला. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे एक तक्रार आहे, ती बोलून मिटली आहे, उगाच बोर्ड लावायला नको.

मी शिवणकाम करते. पंचवीस वर्षं झाली, पण आजही नवीन माप आलं की आधी कागद कापते, मग कापड. बाथरूमच्या बाबतीत मात्र घरातले सगळे थेट कापडालाच कात्री लावायला निघाले होते. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, जिना चढवेना झाला. बाथरूम वर, त्यांची खोली खाली. खोलीला लागून पाच बाय आठ फुटांची अडगळीची खोली होती, त्यात माझ्या चिंध्यांची पोती. ती पोती हलवायची आणि तिथे कमोड, बेसिन, शॉवर बसवायचे, एवढं ठरलं. नवरा टाइल्सच्या दुकानांतून कॅटलॉग गोळा करायला लागला. पाणी जाणार कुठून, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच नव्हता.

आमचे प्लंबरकाका आले आणि खडूने जमिनीवर पाच मिनिटांत रेघ मारली. बेसिन, कमोड, शॉवर, सगळं एका लायनीवर, आणि ती लाइन वरच्या बाथरूममधून भिंतीबाहेर उतरणाऱ्या ११० मिमीच्या पाइपाला पायथ्याशीच जोडायची. "पाइप तर दाराशी उभाच आहे ताई, चेंबरपर्यंत खणायचं कशाला?" मलाही पटलं होतं. काकांचा हात चांगला आहे. वरचं बाथरूम त्यांनीच केलं, आजवर कुठे थेंब गळलेला नाही. फक्त वर कमोड फ्लश केला की बेसिनच्या जाळीतून गुड्गुड् आवाज येतो. आम्ही त्याला घराचाच आवाज समजत होतो.

तर फोननंतर त्यांनी प्रश्नांची यादी पाठवली. चौदा प्रश्न. मला वाटलं होतं खोलीची लांबी-रुंदी विचारतील, संपलं. पण चेंबरच्या तळाची खोली तयार फरशीपासून किती? चेंबरमध्ये पाणी कुठल्या बाजूला वाहतं? खोलीच्या वरच्या बाजूला तीन मीटरच्या आत कुठली खिडकी उघडते? गच्ची वापरात आहे का? कमोडचं मॉडेल ठरलंय का, त्याचं तोंड जमिनीत की भिंतीत, आणि भिंतीपासून किती अंतरावर? बाथरूम वापरणारी व्यक्ती काठी किंवा वॉकर वापरते का, हे मात्र यादीत नव्हतं. ते का असायला हवं होतं, ते पुढे येईलच.

चेंबरची खोली मोजणं हे एक प्रकरण झालं. चेंबर बाहेर, बाथरूम आत, मध्ये जोतं. काकांनी गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणली, त्यात पाणी भरलं, एक टोक मी आत धरून बसले आणि दुसरं ते बाहेर घेऊन गेले. नळीतला एक बुडबुडा पाच मिनिटं निघेना, तोवर दोन्हीकडचं पाणी खोटं बोलत होतं. बुडबुडा गेल्यावर माप आलं : होणाऱ्या फरशीपासून चेंबरच्या पन्हाळीचा तळ ४१० मिमी खाली. सगळं ड्रॉइंग या एका आकड्यावर उभं राहिलं. हे माप घेतल्याशिवाय कुणी तुम्हाला बाथरूमचं ड्रॉइंग देत असेल, तर ते चित्र आहे एवढंच समजा.

चार दिवसांनी पहिलं ड्रॉइंग आलं. त्यात काकांच्या त्या पायथ्याच्या जोडावर लाल फुली होती.

कारण मी फोन करूनच समजून घेतलं, कारण खाली लिहिलेलं बारीक अक्षर भिंगाशिवाय वाचता येत नव्हतं. वरच्या मजल्यावर फ्लश केला की पाणी पाइप भरून खाली पडत नाही. ते पाइपाच्या कडेला चिकटून उतरतं आणि मधली हवा स्वतःबरोबर खाली ओढत आणतं. पायथ्याच्या बेंडला पाणी वळतं तेव्हा त्याचा वेग एकदम मरतो, तिथे क्षणभर पाणी तुंबतं आणि पुढे ढकललेली हवा कोंडते. आपलं नवं बाथरूम नेमकं तिथेच जोडलं तर त्या हवेला मोकळी वाट कुठली? आईंच्या कमोडची आणि फरशीतल्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपची. म्हणजे वर कुणी फ्लश केला की खाली ट्रॅपमधलं पाणी उसळणार. पायथ्याच्या पुढच्या आडव्या लायनीला जोडायचंच असेल तर बेंडपासून पाइपाच्या व्यासाच्या किमान दहापट दूर, म्हणजे ११०च्या पाइपाला एक मीटर दहा सेंटिमीटर, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यापेक्षा सरळ, खालच्या बाथरूमची लाइन वेगळी काढून चेंबरमध्ये सोडा. खणायचं अंतर २.४ मीटर. काकांनी कपाळाला हात लावला, पण खणलं.

मला या सगळ्यात खरी मजा आली ती ट्रॅपची. ट्रॅप म्हणजे पाइपाला दिलेला वाक, ज्यात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटाराचा वास अडवतं. ही कल्पना १७७५ सालची. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने लंडनमध्ये फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं, त्यात एस आकाराचा वाक होता. घड्याळजीचं काम, त्यामुळे कल्पना अगदी नेटकी. पण या पाण्याची उंची किती, तर साधारण ५० मिमी. बोटाची दोन पेरं. सगळ्या गटाराच्या आणि आपल्या घराच्या मध्ये दोन पेरं पाणी उभं आहे, आणि ते कुणी ओढून घेतलं किंवा उडवून लावलं की दार सताड उघडं.

ओढून कोण घेतं? आपणच. बेसिन तुडुंब भरून एकदम सोडलं की पाइप पूर्ण भरून वाहतो, आणि त्या पाण्याच्या शेपटीबरोबर ट्रॅपमधलं पाणीही ओढलं जातं. पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढतात, तसंच. म्हणून ट्रॅपच्या पुढे, जवळच, हवेचा पाइप, म्हणजे व्हेंट, लागतो. पाण्याच्या मागे हवा आत आली की ओढ तुटते. वरच्या बेसिनची गुड्गुड् म्हणजे फ्लशच्या पाण्यामागे पाइपाला हवा मिळत नाही म्हणून तो ती बेसिनच्या ट्रॅपमधून खेचतो, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. कधीकधी तिथे वासही यायचा, आणि आम्ही फिनाइल ओतायचो!

आता "जवळच" म्हणजे किती? इथे काकांचं आणि ड्रॉइंगचं दुसरं भांडण. बेसिनपासून हवेच्या उभ्या पाइपापर्यंत १.२ मीटरचं अंतर, पाइप ४० मिमीचा. ड्रॉइंगमध्ये ढाळ ५०ला १, म्हणजे एवढ्या अंतरात २४ मिमी. काकांना निदान ६० मिमी हवा होता. "पाणी पळालं पाहिजे ताई." मलाही ढाळ जास्त तेवढा बरा असंच वाटायचं. पण इथे हिशेब वेगळा आहे. ट्रॅपमध्ये पाणी ज्या उंबऱ्यावरून पलीकडे सांडतं, त्या उंबऱ्याच्या पातळीखाली हवेच्या पाइपाचं तोंड अख्खं जाता कामा नये. म्हणून ट्रॅपपासून व्हेंटपर्यंत पाइप एकूण जास्तीत जास्त आपल्या एका व्यासाइतकाच उतरू शकतो. ४०च्या पाइपाला ४० मिमी. साठ उतरवला की तोंड उंबऱ्याखाली बुडालं, मधला पाइप पाण्याने भरणार, हवा पोचणार नाही आणि आपण परत त्या एस आकारावर येऊन ठेपलो. बेसिनखाली एस ट्रॅप बसवायला आज कितीतरी ठिकाणच्या नियमांत बंदी आहे ती यासाठीच.

हे काकांना समजावताना मी कागदावर उंबरा काढला, पाइप काढला, आणि पट्टी तिरपी धरून दाखवली. दोन मिनिटं बघून ते म्हणाले, "हां. म्हणजे हवेचं नाक पाण्याबाहेर पाहिजे." इंजिनिअरने तीन ओळींत लिहिलेलं काकांनी पाच शब्दांत सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरी व्हेंटला नाक म्हणतात.

पहिल्या ड्रॉइंगमध्ये मात्र एक गोष्ट मला अजिबात मान्य नव्हती. पाइपांच्या सोयीसाठी त्यांनी कमोड बाहेरच्या भिंतीशी, खोलीच्या टोकाला नेला होता आणि शॉवर मध्ये आणला होता. पाइपांच्या दृष्टीने छानच. बेसिनचं पाणी आधी, मग शॉवर, मग कमोड, आणि लगेच चेंबर. पण अडुसष्ट वर्षांच्या बाईने रात्री दोन वाजता ओल्या शॉवरमधून चालत कमोडपर्यंत जायचं? मी लिहून पाठवलं, "हे बाथरूम पाइपांसाठी नाही." त्यांचं उत्तर शनिवार-रविवार सोडून तिसऱ्या दिवशी आलं. (शनिवार-रविवारी ते मेलेले असतात. बांधकाम चालू असताना हे फार जाणवतं. दोन दिवस गवंडी बसून होता.) पण उत्तर चांगलं होतं. चूक मान्य केली आणि अख्खी मांडणी फिरवली. दारातून आत आलं की बेसिन, मग कमोड, टोकाला शॉवर. कमोडची ११०ची लाइन मागच्या लांब भिंतीतून सरळ बाहेर. बेसिन आणि शॉवरची ७५ची लाइन वेगळी, फरशीखालून येऊन भिंतीच्या आतच ११०ला वायने, म्हणजे Y आकाराच्या जोडाने, मिळते.

मिळते ती वायने, ४५ अंशांत, टीने नाही. आडव्या लायनीत टी घातली की बाजूने येणारं पाणी समोरच्या भिंतीवर आपटतं आणि उलट्या बाजूलाही जातं, त्याबरोबर आलेला मळ तिथेच बसतो. रस्त्याला रस्ता मिळतो तसं तिरपं मिळायचं. हे काकांना आधीच ठाऊक होतं, उगाच ड्रॉइंगचं कौतुक नको.

या सगळ्यात हवेचा पाइप एकच आहे, आणि मला ही युक्ती फार आवडली. बेसिनचं पाणी ज्या उभ्या पाइपातून खाली येतं, तोच पाइप वर गच्चीपर्यंत गेलाय. खालचा भाग पाणीही नेतो आणि शॉवर-कमोडला हवाही देतो, याला ते वेट व्हेंट म्हणतात. त्यासाठी बेसिनचा उभा पाइप ४०चा न ठेवता ५०चा घेतला, म्हणजे पाणी कडेने उतरताना मधून हवेला जागा राहते. शिवाय बेसिनचं पाणी तो भाग रोज धूत राहतं. मी एकाच शिवणीत अस्तर आणि बाही दोन्ही धरते तेव्हा जो आनंद होतो, तसलं काहीतरी.

हवेच्या पाइपाची एक अट आहे, आणि ती पाळायला माझं एक कपाट गेलं. पाइप बेसिनच्या काठाच्या निदान १५० मिमी वर जाईपर्यंत आडवा वळवायचा नाही. आमच्या बेसिनचा काठ ८५० मिमीवर, म्हणजे एक मीटरपर्यंत सरळ उभा. काका त्याला खिडकीखालून आडवा नेणार होते. तसं केलं आणि कधी लाइन तुंबली, तर घाण पाणी त्या आडव्या भागात चढून बसेल, वाळेल, आणि ते धुवायला तिथून पाणी कधीच वाहणार नाही. हळूहळू नाक बंद. आणि व्हेंट बंद झाला हे कुणालाच कळत नाही, कारण पाणी तर जातच राहतं. म्हणून पाइप कोपऱ्यात सरकवला, आणि जिथे मी दोरे-बटणांचं उभं कपाट करणार होते ती जागा गेली. वर आडवा वळवलाय तिथेही त्याला परत खालच्या दिशेने किंचित ढाळ आहे, आत साठलेला दमटपणा ओघळून खाली यावा म्हणून.

गच्चीवर तो किती उंच न्यायचा, हेही त्यांनी विचारून ठरवलं. वरच्या खोलीची खिडकी तीन मीटरच्या आत येते, तर पाइपाचं तोंड खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा ९०० मिमी वर हवं. पण गच्ची रोजच्या वापरातली आहे, मी तिथे कपडे वाळत घालते, म्हणून त्यांनी गच्चीच्या फरशीपासून सात फूट सांगितले. नवऱ्याला ते दिसायला वाईट वाटतं. वाटू दे. त्याला कुठे वाळलेल्या साड्यांना वास घेत इस्त्री करायची आहे!

नवऱ्याचा आणखी एक प्रस्ताव होता. गच्चीपर्यंत पाइप नेण्याऐवजी बेसिनखाली एक झडप बसवायची, एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह. त्याने त्याचा व्हिडिओ पाहिला होता. पाइपात ओढ निर्माण झाली की झडप उघडून हवा आत घेते, एरवी स्वतःच्या वजनाने बंद, वास बाहेर नाही. मी सेवेला विचारलं. त्यांनी झडपेला नावं ठेवली नाहीत, हे मला बरं वाटलं. म्हणाले, भिंत फोडणं शक्यच नसेल तिथे ती उपयोगी आहे, पण ती उभीच बसली पाहिजे, ट्रॅपमधून निघणाऱ्या आडव्या पाइपापेक्षा किमान १०० मिमी वर, आणि हात पोचेल अशा जागी. कारण तिच्यात रबर आहे, ते कधीतरी थकणार. मुख्य म्हणजे ती हवा फक्त आत घेते. आतला दाब बाहेर सोडू शकत नाही. घराच्या लायनीला निदान एक तरी उघडं नाक आकाशात लागतंच. आमच्याकडे बाहेरची भिंत मोकळी होती, मग झडप कशाला?

आता तक्रार. ड्रॉइंगमध्ये लिहिलं होतं, कमोडच्या भोकाचा मध्य भिंतीपासून ३०० मिमी. मी ते वाचलं आणि पुढे गेले. काकांनी विटांच्या भिंतीपासून ३०० मोजून बेंड बसवला, कारण त्या दिवशी तिथे विटांचीच भिंत होती. संध्याकाळी मी उंबऱ्यावर उभी राहून बघत होते आणि मनात आलं, अगं, माया?

शिवणीत माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून जाणारं कापड. माप अंगाचं घ्यायचं आणि कापताना माया सोडायची. भिंतीलाही माया असते. गिलावा १५ मिमी, टाइल चिकटवायचा मसाला ५, टाइल १०. झाले तीस. म्हणजे भिंत तयार झाल्यावर ३००चे उरणार २७०, आणि आमचा कमोड ३००चा. टाकी टाइलला टेकणार, भांडं भोकावर बसणार नाही. सुदैवाने कॉंक्रीट दुसऱ्या दिवशी पडायचं होतं. काकांनी बेंड काढला, एक तुकडा नवा कापला, तीस मिमी पुढे घेतला.

ज्या लोकांनी मला बुडबुड्यासकट पातळी मोजायला लावली, त्यांनी "तयार भिंतीपासून" हे दोन शब्द लिहू नयेत? मी फोटो काढून पाठवला आणि थोडं चिडूनच लिहिलं. त्यांनी सुधारलेलं ड्रॉइंग त्याच दिवशी पाठवलं, तो बदल दोनात मोजला नाही, आणि आता सगळ्याच ड्रॉइंगवर टाइलची पातळी तुटक रेघेने दाखवतो असं कळवलं. पण त्या एका रात्रीचा फरक होता. कॉंक्रीट पडलं असतं तर छिन्नी लागली असती आणि हे लिखाण वेगळ्या भाषेत झालं असतं.

फिटिंगच्या यादीतही दोन गोष्टी राहिल्या होत्या, भिंतीवरचे क्लॅम्प आणि व्हेंटच्या डोक्यावरची जाळीची टोपी. अर्धा दिवस त्यात गेला. डोअर बेंड, म्हणजे उघडता येणारं झाकण असलेला वाक, मात्र बरोबर जागी होता, बाहेरच्या बाजूला, झाकण मोकळ्या जागेकडे. कधी तुंबलं तर फरशी न फोडता तिथून सळई घालता येईल.

सगळ्यात वसूल वाटला तो तपासणीचा कागद. एकच पान. त्यात जोड कसा बसवायचा हेही होतं. पाइप कापला की त्याची कड कानशीने घासून तिरपी करायची, रबर रिंगला साबणाचं पाणी लावायचं, पाइप पूर्ण आत ढकलायचा, पेन्सिलची खूण करायची आणि मग १० मिमी मागे ओढायचा. मागे का ओढायचा? उन्हात पाइप वाढतो. भिंतीवरचा आमचा व्हेंट सहा मीटर आहे, तीस अंशांच्या फरकाने तो साधारण बारा मिमी लांब होतो. त्याला सॉकेटमध्ये सरकायला जागा नसेल तर तो पोटातून वाकणार. नव्या कापडाला आधी पाणी दाखवून मग कापतो, त्याच जातीचं शहाणपण.

मग पाण्याची चाचणी. चेंबरच्या टोकाला आणि खालच्या सगळ्या तोंडांना रबरी प्लग आवळायचे, व्हेंटमधून तीन मीटर उंचीपर्यंत पाणी भरायचं आणि पंधरा मिनिटं पातळी बघायची. काकांना हे नाटक वाटलं. "ताई, गटाराच्या पाइपात कधी एवढं पाणी उभं राहतं का?" राहत नाही. पण लाइन तुंबली की निदान फरशीपर्यंत तरी राहतं. भरलं. पाच मिनिटांत पातळी बोटभर उतरली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून एकेका जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा सरकवत गेलो. वायच्या जोडाखाली कागद ओला झाला. जोड उघडला तर रबर रिंग आपल्या खाचेतून निघून गुंडाळली गेली होती, लेंग्यातल्या इलॅस्टिकला पीळ पडतो तशी. त्या एका पाइपाची कड घासायची राहिली होती. काका काही बोलले नाहीत. कानस घेतली, कड घासली, दुसऱ्यांदा स्वतःच पाणी भरलं आणि वीस मिनिटं तिथून हलले नाहीत.

हे कॉंक्रीटखाली गेलं असतं तर? फरशीवर पाणी साठवून वॉटरप्रूफिंग तपासतात, त्यात हे कधीच दिसलं नसतं. ते फरशीचं पाणी अडतं की नाही एवढंच सांगतं.

सगळं बसल्यावर शेवटची परीक्षा मी घेतली. बेसिन काठापर्यंत भरलं. नवरा कमोडच्या फ्लशवर हात ठेवून उभा, मुलगी वरच्या बाथरूममध्ये. मी नहाणी ट्रॅपची जाळी काढून टॉर्च घेऊन बसले. एक, दोन, तीन, सगळं एकदम सोडलं. ट्रॅपमधलं पाणी थरथरलं, काठाशी एक कड उमटली आणि तिथेच थांबलं. आवाज फक्त वरून आला, जुनाच, गुड्गुड्. आई बाहेरून म्हणाल्या, "झालं का तुमचं? मला जायचंय."

सेवा कुणी घ्यावी? ज्याचं नवं बाथरूम जुन्या लायनीला जोडलं जाणार आहे, किंवा तळमजल्यावर आहे, किंवा ज्याचा प्लंबर "हवा कुठून येणार" या प्रश्नावर गप्प होतो, त्याने नक्की. जुन्याच जागी जुनंच भांडं बदलायचं असेल तर गरज नाही. मापं घ्यायला घरात धीराचं माणूस हवं, कारण ते येत नाहीत, आणि तुम्ही दिलेल्या मापावर त्यांचा पूर्ण विश्वास असतो. पाचपैकी चार. एक गुण मायेचा कापला. शनिवार-रविवारचा अर्धा कापणार होते, पण तपासणीच्या कागदाने तो परत मिळवला.

काम झाल्यावर प्रत्यक्षात पाइप कुठून गेले त्याचं ड्रॉइंग ते देत नाहीत. मागून पाहिलं, तर ते आमच्या सेवेत नाही म्हणाले. मग गिलावा व्हायच्या आधी मीच टेप धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढला आणि पॅटर्नच्या कागदावर खऱ्या मापात पाइप काढून ठेवले. परवा आईंसाठी धरायची दांडी बसवायला माणूस आला, ड्रिल हातात घेऊन कोपऱ्यात उभा. मी म्हटलं, "दादा, एक मिनिट," आणि कागदाची गुंडाळी भिंतीवर उलगडून टाचण्यांनी लावली. त्याने खूण केलेली जागा बरोबर नाकावर आली होती.